बाल्कनीत बुलबुलाचं घरटं: आत डोकावू नका, बाहेर बसून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका कुटुंबाच्या बाल्कनीत, ग्रीलवर चढवलेल्या मधुमालतीच्या वेलात बुलबुलाच्या जोडीने घरटं केलंय. १२ मार्चला तिसरं अंडं दिसलं. घरात सात वर्षांची मुलगी आहे आणि तिला दर तासाला बघायचंय. बाल्कनीत जायचं की बंद करायचं, कुंड्यांना पाणी कसं घालायचं, फोटो काढावेत का, समोरच्या पिंपळावरच्या कावळ्यांचं काय, आणि पिल्लू खाली पडलं तर?

आधी तारखांचा हिशोब करून टाकू. बुलबुल रोज एक याप्रमाणे दोन-तीन अंडी घालतो. उबवायला साधारण बारा ते चौदा दिवस लागतात, आणि फुटल्यावर पिल्लं घरट्यात राहतात ती जेमतेम बारा दिवस, एखादा इकडे किंवा तिकडे. म्हणजे २४ ते २६ मार्चच्या सुमाराला अंडी फुटतील आणि एप्रिलचा पहिला आठवडा संपता संपता पिल्लं बाहेर पडतील. एवढंच. सगळा मिळून महिन्याभराचा संसार आहे. बाल्कनी महिनाभर थोडी सांभाळून वापरली तर कुणाचंच काही अडत नाही.

बुलबुल कुठला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. डोकं काळं, तुरा आखूड आणि शेपटीच्या बुडाशी लाल असेल तर लालबुड्या बुलबुल. टोकदार उभा तुरा आणि पांढऱ्या गालावर लाल ठिपका असेल तर शिपाई बुलबुल. पुण्यात दोन्ही सर्रास आहेत आणि दोघांचं वेळापत्रक जवळपास सारखंच, म्हणून पुढचं दोघांनाही लागू पडेल.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारलंत की घरट्यात दिवसातून किती वेळा डोकावलं तर चालेल. मी म्हणेन, डोकावूच नका. तसं करून तुमचं काही चुकणारही नाही, कारण घरट्यात काय चाललंय ते सगळं आईबापांच्या ये-जा करण्यावरून बाहेर बसून कळतं, आणि तेच बघण्यात खरी गंमत आहे. अंडी काय, दिवसभर बघितली तरी अंडीच दिसणार.

काचेचं सरकतं दार असेल तर आत, पडद्याआड, स्टूल टाकून बसा. पडद्याला बोटभर फट पुरते. सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ सगळ्यात चांगली, दुसरी संध्याकाळी पाचनंतरची. अर्धा तास सलग बसायचं. दर तासाला दोन मिनिटं बघण्यापेक्षा दिवसातून एकदा अर्धा तास बघितलेलं कधीही चांगलं, मुलीलाही हे समजावून सांगा. तिला एक दुरेघी वही द्या. आला किती वाजता, चोचीत काय होतं, गेला किती वाजता, जाताना चोचीत काय होतं. हा चौथा रकाना विसरू नका, त्याची गोष्ट पुढे आहे.

पहिले चौदा दिवस तसे कंटाळवाणे. पक्षी बसून असतो, अधूनमधून उठून दहा-पंधरा मिनिटं खायला जातो. बुलबुलात नर-मादी दिसायला सारखे, त्यामुळे बसलंय ते कोण हे छातीठोकपणे सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. एक मात्र नीट बघा. सकाळी तो अंड्यांवर दबून, पिसं फुगवून बसलेला असेल. दुपारी ऊन तापलं की तोच पक्षी अंड्यांवर उभा राहिलेला दिसेल, पंख अर्धवट सैल सोडलेले, चोच उघडी, गळा धापा टाकतोय. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात अंड्यांना ऊब द्यायची गरज नसते, सावली द्यायची असते. अंडं फार तापलं तर आतला जीव मरतो, म्हणून तो स्वतःची छत्री करून उभा असतो. अशा वेळी तुम्ही दार उघडलंत आणि तो उडाला, तर दहा मिनिटांत उघड्या उन्हातल्या अंड्यांचं काय होईल त्याचा विचार करा. घरट्यापाशी जायचं नाही, असं मी म्हणते त्याचं पहिलं कारण हे.

बाल्कनी पश्चिमेची असेल आणि थेट ऊन येत असेल तर ग्रीलच्या बाहेरच्या अंगाला जुनं सुती कापड किंवा नर्सरीत मिळते ती हिरवी जाळी बांधता येईल. पण घरट्यापासून हातभर लांब, भल्या सकाळी, दोन मिनिटांत. पक्ष्याची यायची वाट अडवायची नाही. बांधून झालं की आत जाऊन बघत बसा. पंधरा-वीस मिनिटांत पक्षी परत बसला नाही तर कापड काढून टाका.

अंडी फुटल्याचं कसं कळेल? एके दिवशी वहीच्या दुसऱ्या रकान्यात काहीतरी येईल. इतके दिवस रिकाम्या चोचीने येणारा पक्षी चोचीत बारीकशी अळी किंवा कोळी घेऊन आला की समजा, पहिलं पिल्लू बाहेर आलंय. बुलबुल एरवी फळं खाणारा, उंबर, घाणेरीची काळी फळं, तुमच्याकडची पपई, सगळ्यावर तुटून पडणारा. पण नव्या पिल्लांना आधी भरवतो ते मुख्यतः किडे. अंगावर पिसं चढवायची तर प्रथिनं लागतात, ती फळांत कुठून येणार? दिवस जातील तसे नाकतोडे मोठे होत जातात, मग हळूहळू फळांचे तुकडे येऊ लागतात. म्हणूनच या महिन्यात झाडांवर कसलंही औषध मारू नका आणि घरात पेस्ट कंट्रोल ठरलं असेल तर पुढे ढकला. मधुमालतीवरच्या अळ्या हाच त्यांचा रेशनचा माल आहे.

आता तो चौथा रकाना. पिल्लाला भरवल्यावर आई किंवा बाप लगेच उडत नाही, क्षणभर वाकून बघत थांबतो. पिल्लू मागचा भाग वर करतं आणि एक पांढरी, चकचकीत, पातळ पापुद्र्यात बांधलेली विष्ठेची पुडी बाहेर येते. पक्षी ती अलगद चोचीत धरतो. पहिले काही दिवस तो ती गिळतो, नंतर लांब नेऊन टाकतो. घरटं कोरडं राहतं, वास येत नाही, आणि खाली पांढरे डाग पडून शत्रूला पत्ता लागत नाही. सात वर्षांच्या मुलीला ही गोष्ट किती आवडते ते बघाच. माझ्या भाचीने एका वर्षी सगळ्या वर्गाला ‘पक्ष्यांचे डायपर’ या विषयावर भाषण दिलं होतं.

तुम्ही फार जवळ आहात की नाही, हेही पक्षीच सांगतो. चारा चोचीत धरून तो ग्रीलवर बसून राहिला, शेपटी पसरतोय, तुरा उभा, तीक्ष्ण आवाजात एकसारखा ओरडतोय आणि आत जात नाहीये, तर तो तुमच्यामुळे थांबलाय. दोन पावलं मागे व्हा, पडदा ओढा. तरीही गेला नाही तर खोलीतून बाहेर पडा. पक्षिनिरीक्षणाचा मला माहीत असलेला सगळ्यात खात्रीचा नियम हाच.

फोटोंबद्दल लिहिताना माझीच लाज सांगते. वीसेक वर्षांपूर्वी साताऱ्याच्या घरी परसात कढीपत्त्यावर लालबुड्या बुलबुलाचं घरटं होतं. पाच दिवसांची दोन पिल्लं, डोळे नुकते किलकिले झालेले, पंखांवर काड्यांसारखी पिसं फुटलेली. नवा कॅमेरा घेतला होता. दोन डहाळ्या मध्ये येत होत्या, त्या मी सुतळीने जरा बाजूला बांधल्या. तोडल्या नाहीत, नुसत्या बांधल्या. फोटो झकास आले. संध्याकाळी सुतळी सोडायची राहिली. सकाळी सहाला बुलबुलांचा आरडाओरडा ऐकून बाहेर आले तेव्हा कावळा भिंतीवर बसून चोच पुसत होता. घरट्याची वाटी जशीच्या तशी होती, आत काही नव्हतं. तो फोटो अजून माझ्याकडे आहे, मी कुणाला दाखवत नाही. तेव्हा फोटो काढा, पण दाराच्या आतून, फ्लॅश न वापरता, आणि एकही पान न हलवता. पानामागे दडलेला पक्षी पानामागे दडलेलाच येऊ दे. आणि फोटो टाकताना सोसायटीचं नाव, जागा वगैरे लिहू नका, बघायला रांग लागते.

फारच उत्सुकता असेल तर चार-पाच दिवसांतून एकदा, पक्षी आपणहून उडून गेल्यावर, काठीला लावलेला मोबाइल वरून धरून एक फोटो घ्यायचा आणि मिनिटाच्या आत मागे फिरायचं. उन्हाच्या वेळी नाही, तिन्हीसांजेला नाही, कावळा समोर बसलेला असताना तर मुळीच नाही, तो तुमच्यावर नजर ठेवून असतो. पिल्लं आठ-नऊ दिवसांची झाली की हेही बंद. त्या वयात घाबरली तर ती उडता येत नसताना बाहेर उड्या टाकतात.

पाणी रोजच्या वेळेला, रोजच्यासारखंच घाला. जगने, मुळाशी, सावकाश. पाइपने वेलावर फवारा नको. कपडे वाळत घालायला हरकत नाही, फक्त झटकायचे आत. रात्री बाल्कनीतला दिवा बंद ठेवा. त्या जोडीने तुमची बाल्कनी निवडली ती तुम्ही तिथे वावरता हे बघूनच, माणसाच्या सवयीच्या हालचालीला ते सरावलेले असतात. त्यांना बिचकवतं ते अचानक आणि नवीन काही. पाहुण्यांना घरटं दाखवायला नेणं हे त्यात सगळ्यात वर. आणि कबुतरांसाठी जाळी लावून घ्यायचा बेत असेल तर माणसाला मे महिन्यानंतर बोलवा.

कावळे. हा प्रश्न तुम्ही काळजीने विचारलाय, पण कावळ्यालाही याच दिवसांत पुढे पिल्लं व्हायची आहेत. आपल्याकडे तो एप्रिल ते जून, पावसाच्या तोंडावर घरटी करतो. त्याने घरटं कुठल्या झाडावर, किती उंच बांधलं यावरून पावसाचा अंदाज करायची आपल्याकडची जुनी रीत तुम्ही ऐकली असेल. त्याच्या घरट्यात कोकिळा अंडं घालून जाते आणि तिचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांच्या आधी फुटतं, म्हणजे फसवणूक त्याचीही होतेच. तुम्ही करू शकता ते एवढंच, की त्याला बाल्कनीकडे यायचं निमित्त देऊ नका. महिनाभर पोळीचे तुकडे, भात, धान्य ठेवणं बंद करा. पाण्याचं भांडं चांगलंच, पण ते घराच्या दुसऱ्या बाजूला. पक्ष्यांवर माया करणारी माणसं घरट्याशेजारीच खाऊ मांडतात आणि मग कावळा आला म्हणून हळहळतात. कठड्यावर चिकटपट्ट्या, चकाकणाऱ्या सीड्या असले उपाय करू नका, त्यांनी बुलबुलच आधी पळतो.

आणि मुलीला आधीच सांगून ठेवा की घरटं कदाचित तडीला जाणार नाही. बुलबुलाचं घरटं म्हणजे उघडी वाटी. कावळा, भारद्वाज, टकाचोर, खार, सरडा, मांजर, ज्याला दिसेल तो हात मारतो. माझ्या वह्या चाळल्या तर निम्म्याहून कमी घरट्यांतून पिल्लं उडालेली दिसतात. बुलबुल त्यावर फार काळ शोक करत नाही. थोड्याच दिवसांत जोडी दुसरीकडे काड्या नेताना दिसते. एका मोसमात दोन-तीनदा प्रयत्न करणं हाच त्यांचा विमा.

पिल्लू खाली पडलं तर काय, याचं उत्तर पिल्लाच्या वयावर आहे. डोळे मिटलेलं, गुलाबी, उघडं पिल्लू असेल तर हात धुऊन उचला आणि घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते, ही समजूत खोटी आहे. बहुतेक पक्षी वासावर पिल्लं ओळखत नाहीत. घरटंच तुटून पडलं असेल तर लहान टोपलीत किंवा तळाला भोकं पाडलेल्या डब्यात वाळलेलं गवत घालून ती त्याच जागी घट्ट बांधा, पिल्लं आत ठेवा आणि दूर होऊन तासभर लक्ष ठेवा. पिल्लांचा आवाज येत असेल तर आईबाप बहुधा येतातच.

पिसं आलेलं, शेपूट बोटाच्या पेराएवढं, चोचीच्या कडा पिवळ्या, आणि धडपडत उड्या मारणारं पिल्लू असेल तर ते पडलेलं नाही, निघालेलं आहे. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात. पुढे कित्येक दिवस आईबाप त्यांना झुडपांत शोधून शोधून भरवतात. दरवर्षी मला एप्रिलमध्ये फोन येतात, “पिल्लू सापडलंय, बुटाच्या खोक्यात ठेवलंय, दूध पाजतोय.” या सगळ्या वाक्यात एकही गोष्ट बरोबर नाही. दूध नको, पाव नको, भात नको. चोचीत पाण्याचा थेंबही सोडायचा नाही, तो श्वासनलिकेत जातो आणि पिल्लू हातातच मरतं. उचलून जवळच्या दाट झुडपात, मांजराच्या उडीपेक्षा उंच ठेवायचं आणि निघून जायचं. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात, म्हणजे पहिलं उड्डाण कदाचित थेट पार्किंगमध्ये उतरेल. त्या आठवड्यात वॉचमनला सांगून ठेवा, आणि मांजर पाळणाऱ्या शेजाऱ्यांना ते चार दिवस घरात ठेवायची विनंती करा. रक्त येत असेल, पंख लोंबत असेल तर वनविभागाचा १९२६ क्रमांक आहे. घरी पिंजऱ्यात वाढवू म्हणाल तर तो गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्याची अंडी फोडणं आणि घरट्याला उपद्रव देणंही येतं. सोसायटीत कुणी घरटं काढून टाका म्हणून मागे लागलं तर हे वाक्य कामाला येतं, मी वापरून बघितलंय.

एक बुलबुल दिसला की डोळे तयार होतात, मग बाकीचेही दिसायला लागतात. तुमच्या इमारतीच्या खाली जास्वंद, अनंत किंवा बदामाचं रोप असेल तर शिंपी पक्ष्याचा ‘टुवीट टुवीट’ असा ठसठशीत आवाज ऐका. एवढासा पक्षी आणि केवढा तो गळा. त्याचं शिवणकाम जवळून बघण्यासारखं असतं. पानाच्या कडेला चोचीने बारीक भोक, त्यातून कोळ्याचं जाळं किंवा कापसाचा तंतू ओवलेला, आणि बाहेरच्या बाजूला तो तंतू पिंजून त्याचं बोंडूक केलेलं, म्हणजे तो मागे सरकत नाही. आपण शिवण म्हणतो खरं, पण सलग दोरा नसतो, एकेक टाका स्वतंत्र रिवेटसारखा. मी एकदा पिल्लं उडून गेल्यावर वाळलेलं घरटं भिंगाखाली धरलं होतं, एका पानाला सतरा भोकं होती. ही घरटी पानांतच लपलेली असल्याने माळ्याच्या कात्रीत सापडतात. आमच्या सोसायटीत कुंपण छाटताना एकदा पिल्लांसकट गेलं, तेव्हापासून छाटणीच्या आदल्या दिवशी मी स्वतः फेरी मारते. पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणी नेमकी मे महिन्यात, घरट्यांच्या ऐन भरात होते, त्यामुळे ठेकेदाराची माणसं आली की आधी खाली उतरून झाड त्यांच्याबरोबर बघायचं.

शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, वायरीला, कपड्याच्या दोरीला किंवा वाळक्या डहाळीला लोंबती पिशवी बांधतो. जळमटं, सालपटं, अळ्यांच्या लेंड्या चिकटवून ती इतकी गबाळी दिसते की कचरा म्हणून झाडली जाते. दाराशी छोटा छज्जाही असतो. बांधते मादी, नर शेजारी बसून गातो. सुगरणीत उलटं, घरटं विणतो नर, नाव मात्र आपण बाईचं दिलंय. १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला पक्षितज्ज्ञ सलीम अली सुगरणींच्या वसाहतीपाशी ठाण मांडून बसले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की नर एकामागून एक अशी बरीच घरटी अर्धवट विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर आत राहते आणि मगच नर ते पुरं करतो. घरटं हातात घेऊन हे कळलं नसतं. ती वीण जूननंतरची, तुमच्या मुलीला पावसाळ्यात गावाकडच्या विहिरीवर दाखवा.

दयाळ आणि चिमणी भोकात, कपारीत, पेटीत राहणारे. पेटी लावणार असाल तर चिमणीसाठी ३२ ते ३५ मिलिमीटरचं भोक, बाहेर बसायला दांडी नको, आणि पश्चिमेचं ऊन लागेल अशी जागा नको. एवढं पाळलं की झालं.

शेवटी वेलाचं. पिल्लं उडाल्यावर रिकामं घरटं आठवडाभर तसंच राहू द्या, मग काढून मुलीला शाळेत दाखवायला द्या, आधी दोन दिवस उन्हात ठेवून, त्यात बारीक किडे असतात. बुलबुल तेच घरटं सहसा परत वापरत नाही. पण तीच जोडी त्याच मधुमालतीत वीतभर वर नवं घरटं करण्याची शक्यता भरपूर आहे, म्हणून छाटणीची कात्री आत्ता नको, ती पावसाळा संपल्यावरच काढा.